संस्थेचा आधार आणि कर्मचाऱ्यांचं काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीम सांभाळणारे, एचआरमधले आणि स्वतः नोकरी करणारे, अशा तिन्ही बाजूंकडून या विषयावर सतत प्रश्न येतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे घेतले आहेत. एका उत्तरात आलेला मुद्दा दुसरीकडे परत लिहिलेला नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. संस्थेचा आधार म्हणजे पगार आणि सोयीसुविधाच ना?

त्या सोयींमुळे आधार वाटू शकतो, पण सोयी म्हणजे आधार नव्हे. संस्था आपल्या कामाची कदर करते का आणि आपल्या भल्याबुऱ्याची तिला फिकीर आहे का, याबद्दल कर्मचाऱ्याच्या मनात बसलेला समज म्हणजे संस्थेचा आधार. रॉबर्ट आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली ही कल्पना मांडली आणि संशोधनात आजही ती याच अर्थाने वापरली जाते. एकाच इमारतीत, एकाच पगारश्रेणीत काम करणाऱ्या दोन विभागांची उत्तरं दोन टोकांची येतात, ती यामुळेच.

कंपनी ही काही व्यक्ती नाही. तरी माणसं तिच्याबद्दल व्यक्तीसारखंच बोलतात: 'कंपनीने साधं विचारलंही नाही', 'कंपनी पाठीशी उभी राहिली'. हॅरी लेव्हिन्सन यांनी १९६५ मध्येच हे नोंदवलं होतं. साहेब, एचआर, पगार विभाग यांनी केलेलं बरंवाईट सगळं या एकाच 'व्यक्ती'च्या नावावर जमा होतं.

२. आधार वाटला म्हणून कोणी जास्त काम कशाला करेल?

मुख्य कारण उतराई होण्याचं. ज्याने आपल्यासाठी केलं त्याच्यासाठी आपणही करावं, हा परतफेडीचा नियम समाजशास्त्रज्ञ ॲल्विन गोल्डनर यांनी १९६० मध्ये मांडला आणि या विषयाची बरीचशी मांडणी त्यावर उभी आहे. शिवाय कदर झाली की माणूस त्या जागेला 'आपली' म्हणू लागतो. आणि चांगलं काम इथे वाया जाणार नाही, त्याचं फळ मिळेल, असा भरवसाही येतो.

सगळ्यांवर परिणाम सारखा होत नाही. 'जेवढं द्याल तेवढंच करीन' असा हिशेब मांडणाऱ्यांवर तो जास्त दिसतो. आयझेनबर्गर यांच्या १९८६ च्याच अभ्यासात अशा वृत्तीच्या शिक्षकांमध्ये 'आधार जास्त, तर गैरहजेरी कमी' हा संबंध अधिक ठळक होता. काहीही झालं तरी काम चोखच करणारी माणसं आधार मिळाला नाही तरी काही काळ तशीच काम करत राहतात. त्यांच्या गप्प राहण्याला समाधान समजू नये.

३. मग कामगिरी नेमकी किती वाढते? आकडा सांगा.

सगळीकडे लागू पडेल असा एक आकडा नाही. कोणी छातीठोकपणे टक्केवारी सांगत असेल तर ती कुठल्या कामाची आणि कशी मोजली, हे आधी विचारा.

दिशा मात्र स्पष्ट आहे. २००२ मध्ये सत्तरहून अधिक अभ्यासांचा आणि २०१७ मध्ये ५५८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. संस्थेबद्दलची आपुलकी आणि कामातलं समाधान यांच्याशी आधाराचा संबंध घट्ट आहे. नोकरी सोडण्याच्या विचाराशी तो चांगलाच उलटा आहे. प्रत्यक्ष कामगिरीशीही संबंध आहे, पण बराच सौम्य. कारण उघड आहे. उत्पादन किंवा विक्री ही कौशल्य, यंत्रं, कच्चा माल, मागणी, कामाची पद्धत अशा अनेक गोष्टींवर अवलंबून असते. कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्याच्या वेगाने चालणाऱ्या कामात मन लावलं काय, न लावलं काय, तासाचा आकडा फारसा हलत नाही. माणसाच्या हातात जिथे निवडीला वाव आहे, तिथे फरक दिसतो.

म्हणून मोजायचंच असेल तर आधी न सांगता घेतलेल्या रजा, राजीनामे, आपणहून कळवलेल्या चुका आणि आलेल्या सूचना यांकडे पाहा.

४. 'निवडीला वाव' म्हणजे काय? नेमून दिलेल्या कामापलीकडचं वागणं कसं ओळखायचं?

शिफ्ट बदलताना पाहा. जाणारा कर्मचारी वहीत उत्पादनाचा आकडा आणि सही टाकून निघाला, तर त्याने नियमात काहीच कमी ठेवलेलं नाही. दुसरा कोणी त्याखाली एक ओळ जास्त लिहितो: '३ नंबरच्या मशीनचा आवाज साडेपाचपासून बदललाय, बेअरिंग बघा.' ही ओळ लिहिली नाही म्हणून कोणी जाब विचारला नसता आणि लिहिली म्हणून बोनसही मिळणार नाही. पण तिच्यामुळे पुढच्या शिफ्टचे दोन तास वाचू शकतात.

डेनिस ऑर्गन यांनी १९८८ मध्ये अशा वागण्याचे पाच प्रकार सांगितले: सहकाऱ्याला मदत करणं, किमान अपेक्षेपेक्षा जास्त काटेकोर राहणं, किरकोळ गैरसोयींची कुरकुर न करणं, आपल्या कामाचा इतरांना फटका बसणार असेल तर आधी कळवणं आणि संस्थेच्या कारभारात लक्ष घालणं. आधार आटला की आधी हे थांबतं. नेमलेलं काम चालूच राहतं, त्यामुळे महिन्याच्या अहवालात काहीच दिसत नाही आणि माणसं पाट्या टाकायला लागलीत हे फार उशिरा लक्षात येतं.

५. आधार कशामुळे वाटतो? आधी कशावर जोर द्यावा?

२००२ च्या आढाव्यात तीन गोष्टी पुढे आल्या आणि त्यांचा क्रम पुष्कळांना अनपेक्षित वाटतो. पहिल्या क्रमांकावर न्याय्य वागणूक, दुसऱ्यावर थेट वरिष्ठाचा पाठिंबा, आणि बक्षिसं, बढती, कामाची परिस्थिती हे सगळं त्यानंतर. बहुतेक संस्था पैसा आणि वेळ नेमका उलट्या क्रमाने घालतात.

न्याय म्हणजे सगळ्यांना सारखं देणं एवढंच नव्हे. निर्णय कसा घेतला, यावर बरंच काही ठरतं. जेराल्ड लेव्हेन्थल यांचे १९८० चे सहा निकष अजूनही उपयोगी पडतात: नियम सर्वांना सारखा, निर्णय घेणाऱ्याचा स्वार्थ नाही, माहिती खरी, चूक झाल्यास दाद मागायची सोय, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचं म्हणणं ऐकलेलं, आणि सर्वसाधारण नीतीला धरून. बढतीचा किंवा अप्रेझलचा कुठलाही निर्णय या सहांवर तपासून बघा. दाद मागायची सोय हा निकष बहुतेक ठिकाणी कच्चा निघतो: अर्ज कोणाकडे करायचा आणि उत्तर किती दिवसांत मिळणार, हेच लिहिलेलं नसतं.

रजेचा अर्ज घ्या. 'नामंजूर' एवढाच शेरा आला तर कर्मचारी त्याचा हवा तो अर्थ काढतो. आता हे उत्तर बघा: 'त्या तारखांना आधीच दोघं रजेवर आहेत. १५ पासून देता येईल. तारखा बदलता येणार नसतील तर उद्या दुपारपर्यंत सांगा, कोणाशी अदलाबदल होते का बघतो.' रजा दोन्हीकडे मिळालेली नाही. पण दुसऱ्या उत्तरात कारण आहे, पर्याय आहे आणि पुन्हा बोलायला जागा आहे.

६. एवढा खर्च करूनही लोक म्हणतात, 'कंपनीला आमचं काही पडलेलं नाही.' असं का?

कारण संस्थेने ते मनाने दिलं असं त्यांना वाटत नाही. १९९७ च्या एका अभ्यासात हेच ठळकपणे दिसलं: जी गोष्ट द्यायची की नाही हे संस्थेच्या हातात होतं, तिच्यामुळे आधार कितीतरी जास्त वाटतो. कायद्याने द्यावी लागलेली, करारात भांडून मिळवलेली किंवा सगळेच देतात म्हणून दिलेली सोय लोक घेतात आणि विसरतात.

खर्च वाया जाण्याची आणखी काही नेहमीची कारणं:

- सुविधा आहे, पण ती वापरली की नाव खराब होतं. लवचिक वेळ कागदावर आहे आणि चारला निघणाऱ्याला 'आज हाफ डे का?' असा टोमणा बसतो.
- गरज एक, दिलं भलतंच. लोकांना शिफ्टचं वेळापत्रक दोन आठवडे आधी हवं होतं, त्यांना तणावमुक्तीचं व्याख्यान मिळालं.
- सगळ्यांना एकाच साच्यातलं कौतुक. नाव बदलून पाठवलेला अभिनंदनाचा मेल लोक लगेच ओळखतात.
- दिलेला शब्द पाळला नाही. न दिलेल्या सोयीपेक्षा कबूल करून न दिलेली सोय जास्त खुपते.

७. आमचा मॅनेजर चांगला आहे, कंपनी मात्र नाही. हा आधार संस्थेचा धरायचा का?

मॅनेजर संस्थेचा माणूस वाटतो की नाही, त्यावर ते ठरतं. त्याच्या शब्दाला वर वजन असेल, तर त्याने दाखवलेली आस्था लोक कंपनीच्या नावावर धरतात. २००२ च्या एका अभ्यासात ज्या वरिष्ठांचं संस्थेत वजन होतं, त्यांच्या बाबतीत हा संबंध अधिक दिसला. मॅनेजर स्वतःच 'वरचे लोक असेच, मी आहे म्हणून तुमचं चाललंय' असं बोलत असेल, तर सगळी पुण्याई त्याच्या एकट्याच्या नावावर राहते. टीम त्याच्यावर खूश असते. तो गेला की त्याच्यामागोमाग तीनचार राजीनामे येतात आणि एचआरला कळत नाही काय झालं.

उलटंही खरं आहे. अपमान करणारा वरिष्ठ जितका संस्थेचा चेहरा वाटतो, तितकं त्याचं वागणं संस्थेलाच भोवतं.

८. मी टीम लीड आहे, बजेट माझ्या हातात नाही. मी काय करू शकतो?

प्रश्न ५ मधल्या पहिल्या दोन गोष्टींना बजेट लागत नाही. इतकं तर उद्यापासून करता येईल:

१. प्रत्येकाशी दोन आठवड्यांतून एकदा वीस ते तीस मिनिटं एकट्याने बोला. कामाचा आढावा त्यात घुसवू नका, त्यासाठी वेगळी बैठक असते. 'या आठवड्यात काम कशामुळे अडलं?' हा एक प्रश्न सुरुवातीला पुरतो. 'सगळं ठीक ना?' विचारलंत तर 'हो' एवढंच उत्तर येईल.

२. कोणी अडचण सांगितली की त्याच्यासमोर लिहून घ्या आणि उत्तराची तारीख द्या. त्या तारखेला उत्तर 'नाही' असेल तरी ते द्या. बहुतेक लीड इथेच कमी पडतात: होकार आला तर धावत सांगतात, नकार आला तर विषय काढतच नाहीत.

३. कौतुक करताना काम नेमकं सांगा. 'छान काम' याऐवजी 'ग्राहकाला उशीर होणार हे तू दोन दिवस आधी कळवलंस, त्यामुळे ऑर्डर टिकली.'

४. वर पाठवलेल्या मागणीचं काय झालं ते टीमला कळवत राहा. तुम्ही काय मागितलं आणि कोणत्या कारणाने नाकारलं गेलं, हे त्यांना समजलं पाहिजे.

५. चूक झाली की आधी नुकसान आवरा, मग कारण शोधा, आणि बोलायचं ते एकट्याला बाजूला घेऊन बोला.

पहिली दोन महिनाभर नेटाने केली तरी फरक जाणवतो. पाचही एकदम सुरू करून तिसऱ्या आठवड्यात सोडून देण्यापेक्षा ते बरं.

९. मधल्या फळीतले मॅनेजरच वैतागलेले असतील तर?

तर खालपर्यंत काही पोचत नाही. २००६ च्या एका अभ्यासात दिसलं की ज्या वरिष्ठांना स्वतःला संस्थेचा आधार वाटतो, त्यांच्या हाताखालच्यांनाही त्यांच्याकडून अधिक आधार जाणवतो. मॅनेजरांना संवादकौशल्याच्या प्रशिक्षणाला पाठवण्याआधी त्यांच्या हाताखाली किती माणसं आहेत ते मोजा. पंचवीस जणांशी पंधरवड्यातून एकदा अर्धा तास बोलायचं तर साडेबारा तास हवेत, आणि ते त्याच्या वेळापत्रकात कुठेच नसतात.

१०. आधार मोजायचा कसा? सर्व्हेत काय चुकतं?

आयझेनबर्गर यांची मूळ प्रश्नावली ३६ विधानांची आहे. तिच्या छोट्या आवृत्त्या प्रचलित आहेत आणि ८ विधानांची बहुतेक ठिकाणी पुरेशी होते. प्रत्येक विधानाला १ (अजिबात पटत नाही) ते ७ (पूर्ण पटतं) असे गुण असतात. निम्मी विधानं मुद्दाम उलटी असतात, म्हणजे 'मी कितीही चांगलं काम केलं तरी संस्थेच्या लक्षात येणार नाही' अशा अर्थाची. न वाचता सगळीकडे एकच आकडा ठोकणारे त्यामुळे सापडतात.

उलट्या विधानांचे गुण फिरवून घ्यायचे असतात: ८ वजा दिलेला गुण. हे विसरलं तर काय होतं पाहा. समाधानी माणूस सरळ चार विधानांना ६ आणि उलट्या चारांना २ देतो. फिरवल्यावर सरासरी ६ येते, न फिरवता ४. वैतागलेला माणूस सरळना २ आणि उलट्यांना ६ देतो. फिरवल्यावर २, न फिरवता पुन्हा ४. दोघंही मधोमध. 'सगळ्या विभागांत मत साधारणच आहे' असा अहवाल हाती आला की आधी ही शंका घ्या.

बाकी पथ्यं: पाचपेक्षा कमी उत्तरं आलेल्या गटाचा वेगळा आकडा दाखवू नका, माणूस ओळखू येतो. बोनस किंवा कपातीच्या आसपास सर्व्हे घेऊ नका. आणि निकालातल्या एकाही गोष्टीवर काही करायची तयारी नसेल तर विचारूच नका. पुढच्या वेळी लोक उत्तरच देत नाहीत.

११. खूश लोकांना आधार वाटतो की आधारामुळे लोक खूश होतात? हे उलटं नसेल कशावरून?

रास्त शंका. एकाच दिवशी, एकाच माणसाने भरलेल्या फॉर्मवरून ते ठरवता येत नाही. त्या दिवशी मूड चांगला असेल तर सगळीच उत्तरं वर जातात. म्हणून काळाच्या अंतराने मोजलेले अभ्यास महत्त्वाचे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासात आधी मोजलेल्या आधारावरून नंतर आपुलकीत झालेला बदल सांगता आला, उलट दिशेने मात्र तसं दिसलं नाही. तुमच्या संस्थेत तपासायचं असेल तर आज आधार मोजा आणि सहा महिन्यांनी हजेरी, राजीनामे यांच्या नोंदी त्याच्याशी ताडून पाहा.

१२. पगारकपात करावीच लागणार आहे. आता आधार कसला दाखवणार?

खरी परीक्षा इथेच. जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास प्रत्येक एचआरने वाचावा असा आहे. एकाच कंपनीच्या तीन कारखान्यांपैकी दोनांत १० आठवड्यांसाठी पगार १५ टक्क्यांनी कमी झाला. एका ठिकाणी सुमारे दीड तासाची सभा झाली. कपात का, किती दिवस, दुसरा कोणता मार्ग का नाही, हे आकड्यांसह सांगितलं, खेद व्यक्त केला, प्रश्नांना उत्तरं दिली. दुसऱ्या ठिकाणी पंधरा मिनिटांत घोषणा करून विषय संपवला. या काळात दोन्हीकडे चोऱ्या वाढल्या, पण दुसऱ्या कारखान्यात कितीतरी जास्त, आणि नोकरी सोडणारेही तिथेच अधिक. पगार पूर्ववत झाल्यावर चोऱ्याही पूर्वीच्या पातळीवर आल्या.

पहिल्या कारखान्यातही चोऱ्या वाढल्याच, हे नजरेआड करू नका. समजावून सांगितल्याने झळ कमी बसते, नाहीशी होत नाही.

१३. आधार दिला तर कामाचा ताण पेलतो का? माणसं कमी आहेत.

काही प्रमाणात. अडलं तर कोणी आहे, या भरवशाने त्याच कामाचा त्रास कमी होतो. पण दहा जणांचं काम सहा जणांवर टाकून 'आम्ही तुमच्यासोबत आहोत' म्हटलं, तर ते लोकांना चेष्टाच वाटते. आधी कामाची यादी काढा आणि कोणती दोन कामं बंद करायची ते लेखी ठरवा.

१४. घरून काम करणाऱ्यांना आधार कसा जाणवणार?

प्रश्न ८ मधलंच सगळं, फक्त जास्त काटेकोरपणे, कारण येताजाता होणारं बोलणं इथे नसतं. दोन गोष्टी खास बिघडतात. ऑफिसात झालेला निर्णय घरी असलेल्यांना दोन दिवसांनी कळतो. आणि स्क्रीनवर पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर बसवलं की बाकी सगळं केलेलं त्यात वाहून जातं.

१५. कंत्राटी कर्मचाऱ्यांचं काय? त्यांची संस्था कोणती?

दोन्ही. पगार देणारी एजन्सी आणि जिथे काम करतात ती कंपनी, यांच्याबद्दल त्यांचे दोन वेगळे समज असतात. कंपनीने नीट वागवलं तर त्याची परतफेड कंपनीच्या कामात दिसते, भले पगाराच्या पावतीवर तिचं नाव नसो. हा आधार तुटतो फार क्षुल्लक जागी: वेगळ्या रंगाचं ओळखपत्र, कॅन्टीनची वेगळी वेळ, सुरक्षेच्या सूचनेच्या मेलमध्ये नाव नसणं. शेवटचं तर धोकादायकही आहे.

१६. जास्त आधार दिला तर लोक शेफारतात का?

थोडंसं तथ्य आहे. स्वतःहून पुढाकार घेऊन बदल करण्याबाबत एका अभ्यासात उलट्या यू अक्षरासारखा आलेख मिळाला: आधार वाढला तसा पुढाकार वाढला, पण एका मर्यादेनंतर उतरला. प्रत्येक अडचण वरिष्ठच सोडवत असेल तर कोण हातपाय हलवेल?

पण ही भीती घालणारे बहुधा वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलत असतात: कामचुकाराला कोणी काही बोलत नाही. तो आधाराचा अतिरेक नाही. उलट त्याचं काम ओढणाऱ्या बाकीच्यांना त्यातून अन्यायच दिसतो (प्रश्न ५). त्याला स्पष्ट अपेक्षा, मुदत आणि लागणारी मदत लेखी द्या. तरीही बदल नसेल तर ठरलेली कारवाई करा.

१७. मी साधा कर्मचारी आहे. आधार मिळत नसेल तर कसा मागायचा?

भावना सांगण्याऐवजी अडथळा सांगा. 'माझी कदर होत नाही' याला वरिष्ठाकडे उत्तर नसतं. 'शुक्रवारी दुपारी चारनंतर काम येतं आणि सोमवारी सकाळी हवं असतं, गेल्या पाच आठवड्यांत तीनदा झालं, गुरुवारपर्यंत यादी मिळेल का?' याला असतं. बोलून झाल्यावर दोन ओळींचा मेल टाका. नकार आला तर कारण विचारा. कारणच मिळत नसेल आणि वरच्या पातळीवरही तेच होत असेल, तर तो तुमचा गैरसमज नाही.

१८. आधार वाटणारी माणसं संस्थेसाठी चुकीचंही वागतात, हे खरं का?

वागू शकतात. एलिझाबेथ अम्फ्रेस आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की जी माणसं संस्थेशी एकरूप झालेली असतात आणि केलेल्याची परतफेड केलीच पाहिजे असं ज्यांना वाटतं, ती संस्थेच्या भल्यासाठी म्हणून अनैतिक गोष्टीकडे अधिक झुकतात: ग्राहकापासून दोष लपवणं, आकडे फुगवणं. त्यांच्या मनात ती चोरी नसते, निष्ठा असते. त्यामुळे सर्व्हेत सर्वांत चांगले गुण मिळालेल्या विभागाचंही ऑडिट सोडू नका. ग्राहकाला काय सांगायचंच आहे याची लेखी यादी द्या. आणि दोष उघड करणाऱ्याचं त्या वर्षीचं अप्रेझल त्याच्या थेट वरिष्ठाने एकट्याने करू नये, दुसऱ्या विभागातल्या कोणाची तरी सही त्यावर घ्या.